फोल्डिंग लाईट बॉक्स: चांदीची वाटी, पैठणीचा पदर आणि वाईनची बाटली एकाच डब्यात निघतात का?

सराफ बाजारातली चांदीची वाटी, भांडी बाजारातला मठारकामाचा तांब्या, येवल्याच्या पैठणीचा पदर, दिंडोरी पट्ट्यातल्या वायनरीची बाटली. नाशिकमधून व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवून विकल्या जाणाऱ्या या चार वस्तू, आणि चौघींचं उजेडाशी नातं अगदी वेगवेगळं. चांदी आलेला जवळजवळ सगळा उजेड आरशासारखा परत फेकते. तांबं त्यातला तांबडा परत देतं आणि निळा खातं. रेशीम थोडा पिऊन थोडा चमकवतं. बाटली उजेड आरपार सोडते, पण रंग बदलून. असं असताना घडीचा लाईट बॉक्स विकणारे मात्र ‘कुठल्याही वस्तूसाठी’ असं खोक्यावर छापतात. ते खरं नाही. डबा घेण्यासारखा आहे, पण कशासाठी आणि त्यात काय काय बदल करून, हे समजून घेतल्याशिवाय पैसे घालू नका.

डबा कसा असतो ते आधी पाहू. लांबी, रुंदी, उंची प्रत्येकी ४० सेंटिमीटर. प्लास्टिकच्या पातळ शीटच्या भिंती, बटणं किंवा वेल्क्रो लावून उभ्या करायच्या. आतून सुरकुतलेलं चंदेरी अस्तर, छताला एलईडीच्या दोन पट्ट्या, एक पांढरं झिरझिरीत कापड, यूएसबीची वायर आणि वायरीवर उजेड कमी-जास्त करायचं बटण. समोर आणि वर कॅमेऱ्यासाठी झडप. पाठीमागून खाली वळवून सोडायला चार ते सहा रंगांचे पीव्हीसीचे पडदे. हाच माल निरनिराळ्या नावांनी मिळतो आणि नावागणिक फरक फार थोडा, म्हणून हे परीक्षण एका कंपनीचं नाही, या जातीच्या डब्याचं आहे.

मापाचं आधीच सांगतो. २५ सेंटिमीटरचा छोटा डबा स्वस्त पडतो, पण अंगठ्या, कानातले, नाणी याच्यापुढे त्याचा उपयोग नाही. त्यात वीतभर उंचीचा तांब्या ठेवला की तांब्याचा काठ पट्टीपासून ५ सेंटिमीटरवर येतो आणि बूड २० ते २५ सेंटिमीटरवर. ठिपक्याएवढ्या दिव्याचा उजेड अंतराच्या वर्गानं घटतो. लांब पट्टीचा जवळून थोडा सावकाश घटतो, तरी चौपट अंतराला चौथाई उरतो. म्हणजे काठ पांढरा फटक आणि बूड काळवंडलेलं. कॅमेऱ्याला दोन्ही एकदम सांभाळता येत नाही. ४० च्या डब्यात तोच तांब्या पट्टीपासून लांब राहतो, वरखालचा फरक आटोक्यात येतो. समई, घागर, मोठी मूर्ती असेल तर ६० चा घ्या, पण त्यात दोन पट्ट्या अपुऱ्या पडतात, चार हव्यात.

डबा घरी आल्यावर पहिली परीक्षा स्टीलच्या चमच्यानं करा. मोठा, गुळगुळीत चमचा पालथा करून डब्याच्या मध्यभागी ठेवा आणि समोरून बघा. चमच्याची पाठ म्हणजे फुगीर आरसा. सगळा डबा त्यात छोटा होऊन दिसतो. बहुतेक डब्यांत तुम्हाला तीन गोष्टी दिसतील. छताच्या जागी पांढऱ्या ठिपक्यांच्या दोन माळा, म्हणजे सुटे सुटे एलईडी. बाजूंना राखाडी, सुरकुतलेले पट्टे, म्हणजे अस्तर. आणि मधोमध एक काळा चौकोन, म्हणजे समोरची उघडी झडप, त्यात तुमचा फोन, हात आणि शर्ट. चांदीच्या वाटीच्या फोटोत जे काही बिघडतं ते सगळं या चमच्यात आधीच दिसतं. चमचा सुधारला की वाटी सुधारते, म्हणून पुढची सगळी दुरुस्ती चमचा आत ठेवूनच करा.

ठिपक्यांच्या माळेवर डब्याबरोबरचं कापड पुरेसं नसतं, कारण ते पट्टीला अगदी चिकटून बसतं. उजेड पसरायला दिवा आणि पडदा यांत अंतर लागतं. दोन एलईडींमध्ये जेवढं अंतर त्याच्या किमान दुप्पट-तिप्पट अंतर पट्टीपासून पडद्यापर्यंत हवं. पट्टीवर दिवे दीड सेंटिमीटरवर असतील तर पडदा ४-५ सेंटिमीटर खाली. आम्ही त्याहून खाली, ८ ते १० सेंटिमीटरवर बटर पेपर ताणून लावायला सांगू. दोन बाजूंच्या भिंतींना दोरा बांधून त्यावर टाकला तरी चालतो. मेनरोडवर कुठल्याही स्टेशनरीच्या दुकानात बटर पेपर किंवा ट्रेसिंग पेपर मिळतो. ट्रेसिंग पेपर ताठ राहतो, बटर पेपर लवकर सुरकुततो आणि ती सुरकुती चांदीत उतरते. उजेड यात बराच कमी होतो, पण फोन ट्रायपॉडवर असेल तर त्याची फिकीर नको.

चंदेरी अस्तर ही या डब्याची सगळ्यात मोठी चूक. बनवणाऱ्यानं विचार केला असणार की चंदेरी म्हणजे जास्त उजेड. उजेड जास्त मिळतोही, पण तो दिशा घेऊन येतो, सुरकुतीगणिक वेगळ्या कोनात. जाड पांढरा ड्रॉइंग पेपरही आलेल्या उजेडाचा मोठा हिस्सा परत देतो, फक्त तो चहूकडे सारखा विखरून देतो. भिंतीला असंच हवं. तिन्ही भिंतींवर आणि तळावर ड्रॉइंग पेपर दुहेरी टेपनं लावून टाका. कायमचा लावा, काढायची वेळ येत नाही. फ्लेक्स छापणाऱ्यांकडे सनबोर्डचे, म्हणजे हलक्या फोमच्या ताठ पाटीचे, पांढरे तुकडे उरलेले असतात, ते त्याहून टिकाऊ.

आता चांदी. डबा आतून सगळा पांढरा झाला, उजेड एकसारखा पसरला आणि वाटी ठेवली, तर ती वाटी कागदाची किंवा राखाडी प्लास्टिकची वाटते! इथं बरेच जण डब्याला नावं ठेवतात आणि परत पाठवतात. कारण साधं आहे. घासलेली चांदी दृश्य उजेडाचा पंचाण्णव टक्क्यांच्या आसपास हिस्सा परत करते आणि तिचा स्वतःचा रंग जवळजवळ नाहीच. ती शेजारचं दाखवते. शेजार सगळा पांढरा असेल तर वाटी पांढरी. डोळ्याला धातू ओळखू येतो तो पांढऱ्याला लागून असलेल्या काळ्यामुळे. म्हणून चांदीसाठी डब्यात काळं आणावं लागतं, आणि नेमकं कुठं आणायचं यातच सगळं कसब आहे.

काळ्या कार्डशीटच्या ३ ते ४ सेंटिमीटर रुंदीच्या उभ्या पट्ट्या कापा, उंची वाटीच्या दीडपट. एक डावीकडे, एक उजवीकडे, कॅमेऱ्याच्या चौकटीच्या अगदी बाहेर उभी करा. वाटीच्या दोन्ही कडांवर लगेच काळी रेघ उमटते आणि वाटी पांढऱ्या पडद्यापासून सुटी होते. पट्टी वाटीजवळ सरकवली की रेघ जाड, लांब नेली की बारीक. दोन्हीकडे सारखी रेघ ठेवू नका. एक जाड, एक बारीक ठेवली की गोलाई जास्त चांगली कळते. पट्टीची कड सरळ कापलेली हवी, फाडलेली कड चांदीत फाटकीच दिसते. काळी पट्टी जास्त झाली तर चांदी जर्मन सिल्व्हरसारखी दिसू लागते. वाटीच्या दिसणाऱ्या पृष्ठभागाचा पाचवा-सहावा हिस्सा काळा, बाकी पांढरा, एवढं प्रमाण बहुतेक गोल भांड्यांना मानवतं.

गिऱ्हाईक ‘ही स्टीलची वाटते’ म्हणतं, त्याचं उत्तरही इथंच आहे. स्टेनलेस स्टील साठ टक्क्यांच्या आसपासच उजेड परत करतं, म्हणून त्याचा पांढरा भागही करडा असतो. फोटोत चांदीचा पांढरा भाग करडा राहिला की ती स्टील झालीच. एक्स्पोजर (फोटोचा एकूण उजळपणा) वाढवून सर्वांत उजळ भाग पांढऱ्याच्या जवळ न्या, पण फुटू देऊ नका, म्हणजे तपशील पुसून कोरा पांढरा होऊ देऊ नका. दुसरी गोष्ट रंगाची. चांदी जांभळ्या-निळ्या टोकाला किंचित कमी परतवते, त्यामुळे खऱ्या चांदीत एक पुसटशी ऊब असते. डब्याचे दिवे ६५०० केल्विनच्या आसपासचे, गार (केल्विन हे उजेडाच्या रंगाचं माप, आकडा मोठा तितका उजेड निळसर). फोनचा व्हाईट बॅलन्स (पांढरं पांढरंच दिसावं म्हणून केलेली रंगाची जुळवणी) ऑटोवर राहिला आणि फोटो निळसर आला तर ती ऊब जाते. प्रो मोडमध्ये जाऊन करड्या कार्डावर व्हाईट बॅलन्स पक्का करा आणि मग अगदी किंचित पिवळ्याकडे सरकवा. झेरॉक्सचा कागद यासाठी वापरू नका. त्यात उजळपणासाठी घातलेली रसायनं अतिनील उजेड पिऊन निळा सोडतात, खिडकीतला उजेड आत येत असेल तर मोजमाप चुकतं.

फोन वाटीत दिसतोच. फुगीर भांड्यात तो कुठल्याही कोनातून दिसणार. उपाय म्हणजे मागे सरका. फोन ३० सेंटिमीटरवर असेल तर प्रतिबिंब शेंगदाण्याएवढं, १ मीटरवर नेऊन दुप्पट-तिप्पट झूमच्या लेन्सनं काढलं तर तिळाएवढं. त्यात भर म्हणून पांढऱ्या कार्डशीटला लेन्सपुरतं भोक पाडून ते झडपेसमोर लावा, म्हणजे फोनच्या काळ्या चौकोनाऐवजी फक्त भोक दिसतं. झूम डिजिटल नको, लेन्स बदलणारा हवा. रंगीत कपडे घालून समोर उभं राहू नये, भगवा कुर्ता चांदीत सगळ्यात आधी दिसतो. खोलीतली ट्यूब, खिडकी सगळं बंद. दोन जातींचा उजेड मिसळला तर वाटी एका अंगानं निळी, दुसऱ्या अंगानं पिवळी निघते आणि ते नंतर कुठल्याच अ‍ॅपमध्ये निस्तरत नाही.

चांदी हातात धरताना सुती हातमोजे घाला, रबराचे नकोत. काही रबरात गंधक असतं, आणि चांदी काळी पडते ती गंधकामुळेच. तो थर पातळ असेपर्यंत पिवळट दिसतो, मग तपकिरी, मग निळसर, शेवटी काळा. थराच्या जाडीप्रमाणे उजेडाच्या लहरी एकमेकींना मारतात किंवा जोडतात, म्हणून हे रंग. डोळ्याला न दिसणारी पिवळी झाक कॅमेरा पकडतो. फोटो काढायच्या आधी पॉलिश करा, आणि फडकं गोल गोल न फिरवता एकाच दिशेनं फिरवा. गोल घासल्याचे बारीक ओरखडे प्रत्येक चकाकीभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखी कड्यांची नक्षी काढतात.

तांब्याचं गणित चांदीच्या उलट निघतं. मठारकामाच्या तांब्यावर प्रत्येक ठोका म्हणजे एक छोटा आरसा. प्रत्येक आरशात दिव्याचं एकेक प्रतिबिंब पडतं आणि त्या शेकडो ठिणग्यांमुळेच मठार उठून दिसते. इथं बटर पेपर काढून टाका! मऊ, पसरलेल्या उजेडात सगळे ठोके सपाट होतात आणि हातानं घडवलेला तांब्या साच्यातून निघालेला वाटतो. चांदीला नकोशी असलेली ठिपक्यांची माळ इथं हवी आहे. दोनपैकी एकच पट्टी चालू ठेवा, तांब्या तिच्याखाली थोडा मागं घ्या, म्हणजे उजेड पुढच्या अंगाला तिरका घासून जाईल. दुसऱ्या अंगाला पांढरं सनबोर्ड उभं करा. सावली पूर्ण काळी होऊ नये एवढंच त्याचं काम. ज्या डब्यात पट्ट्या स्वतंत्र बंद करता येत नाहीत, त्यात एका पट्टीवर काळा कागद चिकटवावा लागतो. घेताना हे बघून घ्या.

तांब्याचा रंग डब्याच्या गार दिव्यात फिका गुलाबी पडतो. तांबं निळा-हिरवा उजेड बऱ्यापैकी खातं आणि तांबडा जवळजवळ सगळा परत देतं. दिव्यातच निळा जास्त असेल तर परत येणाऱ्यातही निळा उरतो. ४००० केल्विनच्या आसपासची पट्टी मिळाली तर तांबं-पितळेसाठी तीच बसवा, नाहीतर व्हाईट बॅलन्स हातानं उबदार करा. कलशाच्या आत डोकावून पाहा, तिथला रंग बाहेरच्यापेक्षा कितीतरी गडद, निखाऱ्यासारखा असतो. आतला उजेड बाहेर येण्याआधी भिंतीवर दोन-तीनदा आदळतो. एका धडकेत निळा समजा साठ टक्के उरला आणि तांबडा पंचाण्णव, तर तीन धडकांनंतर निळा वीस टक्क्यांच्या जरा वर राहतो आणि तांबडा पंच्याऐंशीच्या आसपास. कॅमेरा ३० अंश वर उचलून कलशाचं तोंड दिसू दिलं तर हा रंग फोटोत येतो आणि नुसत्या बाहेरच्या अंगापेक्षा फोटो फार जिवंत दिसतो. आतून कल्हई असेल तर हे होत नाही, तिथं करडी-पांढरी कथलाची चमकच येणार, आणि गिऱ्हाइकाला तीही दिसली पाहिजे. चिंच-मिठानं घासलेलं तांबं सुंदर गुलाबी दिसतं पण पृष्ठभाग मॅट होतो, ठिणग्या विझतात. मठारकामासाठी चिंचेनंतर कोरड्या पावडरनं एक हात फिरवावा.

पैठणीकडे वळताना आधी स्पष्ट सांगतो, ४० सेंटिमीटरच्या डब्यात पैठणीचा फोटो निघत नाही. पदराची रुंदीच त्यात मावत नाही. निघतो तो नक्षीतल्या एका बांगडी मोराचा, मुनियांच्या एका ओळीचा, नारळी काठाच्या वीतभर तुकड्याचा. तेवढ्यासाठी मात्र डबा उपयोगी आहे, कारण विणकाम तिरक्या उजेडातच दिसतं.

रेशमी धागा म्हणजे बारीक चमकदार नळी. नळीवर उजेड पडला की चमक धाग्याला आडवी पसरते, धाग्याच्या लांबीच्या दिशेनं जवळजवळ नाहीच. धूपछाँव पैठणीत ताणा (उभे धागे) एका रंगाचा आणि बाणा (आडवे धागे) दुसऱ्या रंगाचा असतो. उजेड डावी-उजवीकडून आला की उभे धागे चमकतात, वरून-खालून आला की आडवे. म्हणून कापड जागेवर ९० अंशांत फिरवलं की तीच पैठणी दुसऱ्या रंगाची दिसते. विकताना दोन्ही फोटो द्या, एक उभा, एक फिरवलेला, दिवा न हलवता. एकच दिलात तर गिऱ्हाइकाच्या घरी उलट रंग दिसणार, आणि साडी परत येणार. पदरातली जर आडव्या धाग्यात असते आणि ती धातूसारखीच वागते. चकाकी कॅमेऱ्याकडे आली तर पांढरी फुटते, नाही आली तर मातकट दिसते. यासाठी डब्याच्या समोरच्या बाजूनं, कॅमेऱ्याच्या खाली, तळहाताएवढं पांढरं कार्ड कापडाकडे कलवून धरा. जरीत त्या कार्डाचं प्रतिबिंब पडून ती सोनेरी उजळते, रेशमावर फारसा फरक होत नाही. कार्ड १० सेंटिमीटर पुढं-मागं करून पाहा, एका ठरावीक जागी जर एकदम पेट घेते. तीच जागा.

रंगाच्या खरेपणात हा डबा कमी पडतो, आणि पैठणीवाल्यांनी हे मनावर घ्यावं. खोक्यावर सीआरआय, म्हणजे दिव्यात रंग किती खरे दिसतात त्याचा शंभरपैकी आकडा, ८५, ९०, कधी ९५ छापलेलं असतं. हा आकडा फिक्या आठ रंगांच्या नमुन्यांवरून काढतात, भडक लाल त्यात धरतच नाहीत. तो वेगळा मोजतात, त्याला आर-९ म्हणतात, आणि खोक्यावर तो क्वचितच असतो. सीआरआय ८० चा सामान्य एलईडी लालाच्या बाबतीत फारच कच्चा असतो. परिणाम असा की कुंकवाचा लाल विटकरी दिसतो आणि राणी रंग मळकट. परीक्षेला यंत्र लागत नाही. कुंकवाची डबी आणि स्वतःचा तळहात आधी खिडकीजवळच्या दिवसाच्या उजेडात बघा, मग डब्यात. कुंकू मंदावलं, तळहात हिरवट-निस्तेज दिसला तर त्या पट्ट्या पैठणीसाठी निकामी. त्या काढून आर-९ आकडा छापलेली चांगली पट्टी बसवता येते, पण वायरिंग ५ व्होल्टचं आहे हे बघून घ्या, बाजारात १२ व्होल्टच्या पट्ट्याच जास्त मिळतात.

ब्लाऊजपीस जुळवायला तर डबा मुळीच वापरू नका. दोन वेगळ्या रंगद्रव्यांनी रंगवलेले दोन लाल धागे एका दिव्यात तंतोतंत जुळतात आणि दुसऱ्यात फटकून निघतात; ते उजेडातले वेगवेगळे हिस्से पितात, फक्त त्या एका दिव्यात डोळ्याला बेरीज सारखी लागते. जुळवणी दिवसाच्या उजेडात, ऊन थेट न पडणाऱ्या उत्तरेच्या खिडकीपाशी करायची. आणखी एक अडचण फोनची आहे. राणी, गडद जांभळा असे रंग फोन स्वतःच भडक करतो आणि त्यातली विणकामाची रेघ बुजते. एक्स्पोजर अर्ध्या टप्प्यानं कमी करा (एक टप्पा म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा), पोत परत येतो.

बाटलीसाठी हा डबा चुकीचा आहे. काच सरळ समोरून पाहिली तर दर पृष्ठभागाला जेमतेम चार टक्के उजेड परत फेकते, बाकी आत सोडते. म्हणजे समोरून, वरून कितीही उजेड टाका, बाटलीचं काहीच दिसत नाही, फक्त पट्ट्यांच्या दोन पांढऱ्या रेघा अंगावर उमटतात. बाटलीला उजेड पाठीमागून हवा. डब्याची मागची भिंत काढता येत असेल तर ती काढा, तिथं ट्रेसिंग पेपर ताणा आणि मागून दिवा किंवा सरळ खिडकी द्या. छतावरच्या पट्ट्या बंद. आता बाटली उजळते, पण कडा पांढऱ्यात विरघळतात. कडेजवळ आपली नजर काचेवरून घासत जाते, तिथं काच आरपार कमी आणि शेजारचं जास्त दाखवू लागते. म्हणून दोन्ही बाजूंना काळी कार्डशीट, या वेळी पट्ट्या नव्हे, पूर्ण उंचीचे पत्रे. कडांवर स्वच्छ काळी रेघ येते, आकार बांधला जातो. चांदीसाठी शिकलेलं इथं कामाला येतं, फक्त काळं जास्त लागतं.

रेड वाईन हिरव्या बाटलीत असेल तर पाठीमागून ट्यूबलाईट लावली तरी ती काळीच दिसणार. हिरवी काच हिरवा सोडते आणि तांबडा खाते, वाईन तांबडा सोडते आणि हिरवा खाते. दोघांतून मिळून पुढं काहीच येत नाही. वाईनचा रंग दाखवायचा असेल तर ती ग्लासात ओता, तिथंही कडेला पातळ थरात माणकासारखी आणि मध्ये जाड थरात काळसर दिसेल. ग्लास तिसरा हिस्साच भरा. लेबल कागदाचं, त्याला समोरचा उजेड हवा आणि काचेला मागचा. एका फोटोत दोन्ही साधायचं तर समोर ४५ अंशांत कललेलं पांढरं कार्ड ठेवून मागचाच उजेड लेबलावर वळवा. प्रामाणिक मत हे की बाटलीसाठी डब्यावर पैसे घालण्यापेक्षा ट्रेसिंग पेपर लावलेली खिडकी जास्त चांगला फोटो देते.

द्राक्षं यांच्या मधली. मणी थोडा उजेड आत घेतो, आत विखुरतो आणि दुसऱ्या बाजूनं सोडतो. मागून एक तृतीयांश आणि वरून बाकी असा उजेड दिला तर आतला गर आणि शिरा दिसतात. मण्यावरचा पांढुरका मेणाचा थर उजेड विखरतो, तोच ताजेपणाची खूण, म्हणून मणी पुसायचे नाहीत आणि घड देठालाच धरून उचलायचा. बेदाण्यांना मात्र डबा जसा येतो तसा, काहीही न बदलता चालतो.

चिवड्याचं पारदर्शक पाकीट हा सगळ्यात त्रासदायक माल. पाकिटाची प्रत्येक सुरकुती एक आरसा. पाकीट पाठीमागून टेपनं ताणून घ्या, आणि फोनला लावायचा चिमट्याचा पोलरायझर (चकाकी गाळणारी काच) घ्या. प्लास्टिक आणि काच यांवरून साधारण ५५-५६ अंशांच्या कोनात परतलेली चकाकी पोलरायझर गिळून टाकतो. हा कोन पृष्ठभागाला काटकोनात उभ्या असलेल्या रेषेपासून मोजायचा. डब्यात उजेड सगळीकडून येत असल्यामुळे तो अर्धवटच काम करतो, तेव्हा एकच पट्टी ठेवून पोलरायझरची रिंग हळूहळू फिरवा, एका ठिकाणी चिवडा एकदम स्पष्ट होतो. चांदी-तांब्यावर पोलरायझर लावून उपयोग नाही, धातूची चकाकी अशी कापली जात नाही.

पडद्यांबद्दल. पांढरा पडदा ठीक आहे, फक्त फोन त्याला करडा करतो, कारण फोनचं मोजमाप सगळं जग मधल्या करड्या रंगाचं आहे असं धरून चालतं. वस्तूवर बोट दाबून फोकस-एक्स्पोजर लॉक करा आणि सूर्याचं चिन्ह वर सरकवा, एक ते दीड टप्पा. काळ्या पडद्याला उलट, एक टप्पा खाली. काळा पीव्हीसी मात्र फेकून द्या. तो चकचकीत असतो, तिरक्या नजरेत दिव्याचा उजेड परत करतो आणि राखाडी दिसतो. त्याऐवजी मीटरभर काळी मखमल घ्या. तिच्या उभ्या केसांत उजेड शिरतो आणि आदळत आदळत तिथंच संपतो. धूळ मात्र मखमलीवर ताऱ्यांसारखी दिसते, प्रत्येक फोटोआधी चिकटपट्टी फिरवावी लागते. काळ्या पाषाणाची मूर्ती काळ्या मखमलीवर ठेवू नका, करड्या कागदावर ठेवा, आणि तिला उजेड नव्हे, उजेडाचं प्रतिबिंब द्या: एका बाजूनं लांब पांढरं कार्ड, की नाक, गाल, मुकुट यांच्या कडा चमकतील.

विजेचं थोडक्यात. लॅपटॉपच्या जुन्या यूएसबी पोर्टवर लावू नका, तो अर्धा अँपिअरच देतो आणि पट्ट्या मंद, कधी एक कमी एक जास्त जळतात; २ अँपिअरचा मोबाइल चार्जर किंवा पॉवर बँक वापरा. उजेड कमी करायचं बटण पूर्ण वरच ठेवा, कारण खाली आणलं की दिवे भराभर उघडझाप करतात आणि फोटोत आडवे काळे पट्टे येतात. कमी उजेड हवा असेल तर बटर पेपरचा दुसरा थर टाका.

तर कोणी घ्यावा? बेदाणे, मसाल्याची कागदी पाकिटं, लाकडी खेळणी, मातीच्या पणत्या असा मॅट माल विकणाऱ्यानं डोळे झाकून ४० चा घ्यावा. चांदीवाल्यानं घ्यावा, पण ड्रॉइंग पेपर, ट्रेसिंग पेपर आणि काळी कार्डशीट त्याच दिवशी आणावी. तांबं-पितळेला स्वतंत्र बंद होणाऱ्या पट्ट्या बघूनच. पैठणीवाल्यानं फक्त जवळच्या फोटोंसाठी, कुंकवाची परीक्षा घेऊन. बाटलीवाल्यानं घेऊ नये. घेताना आणखी तीन गोष्टी तपासा: पट्टीच्या मागं अ‍ॅल्युमिनियमची पट्टी आहे का, कारण एप्रिल-मेच्या नाशकात नुसत्या गोंदावरची पट्टी तापून सुटते, भिंतींना वेल्क्रो आहे की बटणं, बटणांची भोकं सात-आठ घड्यांत फाटतात, आणि पडदे गुंडाळून आलेत की घडी घालून. घडी घातलेल्या पीव्हीसीची रेघ इस्त्रीनंही जात नाही, आणि ती रेघ बरोबर वाटीच्या मागं येते.